पंप नंबर चार

खलफानची खबर मला हप्त्याहप्त्यानं कळते,
काच चार बोटं खाली येते तेवढ्यात.
आतला गारवा मनगटावर सांडतो
आणि मीटर पळत असतो.

छातीवरच्या बिल्ल्यावर पोपट खिलारे लिहिलंय.
अरबीत प नाही, म्हणून मी बोबट.
आधी हसू यायचं.
आता आटपाडीहून आई फोनवर पोपट्या म्हणते
तेव्हा क्षणभर वाटतं, ही कुणाला हाक मारतेय?

सप्टेंबरात: फुल टाकी, सुपर.
कॉलेज लागलं होतं शारजाला. कल्ब्याहून निघायचं,
डोंगर पोखरलेल्या बोगद्यांतून
जाऊन-येऊन दोनशेवर किलोमीटर.
"लोखंड किती वाकतं ते शिकतो, बोबट!"
आणि माणूस?
"ते अकरा महिने पलटणीत शिकलो."

नोव्हेंबरात: पन्नासचं, स्पेशल.
मागच्या सीटवर जाळीत बारा फुटबॉल
आणि त्यांच्यावर डोकं टाकून झोपलेलं कुणाचं तरी पोर.
कोळ्यांच्या वस्तीतली पोरं शिकवतो म्हणाला, दहाच्या आतली.
पैशांचं कुणी नाव काढत नाही.
एकाच्या बापानं सुकी मासळी दिली डबाभर,
डिक्कीचा वास अजून जात नाही.

एक तारखेला, रात्री बाराला
वरचा आकडा बदलतो.
आमच्यातलं कुणी हात लावत नाही त्याला.
भाव चढणार असला की आधीच रांग,
उतरणार असला की शुकशुकाट;
खारफुटीत एखादा पक्षी ओरडतो,
मी आणि बशीर उभ्यानं चहा पितो.

जानेवारीत: वीसचं.
परीक्षा? एक विषय राहिला.
टीम? सात गोल खाल्ले, पण रडलं कुणी नाही.
गाडी? त्यानं काट्याकडं बोट केलं, लाल दिवा.
मी म्हटलं, रिझर्व्हला लागली.
तो खदखदून हसला. "मी पण."
फोन पुढं केला. मला अरबी कुठं वाचता येतं,
त्यानंच सांगितलं: रविवार, सकाळी सहा, छावणी, तीन आठवडे.
एकदा वर्दी उतरवली तरी नाव यादीत राहतं,
बोलावलं की जायचं.

राखीव. मी मनात मराठी केलं.
आमच्याकडं राखीव म्हटलं की आधी दाखला मागतात.
मीही होतो राखीव, तालुक्याच्या खो-खो संघात,
बारावा. तीन वर्षं
गुडघ्याला पट्टी बांधून कडेला,
टाकी गच्च, आणि खो कुणी दिलाच नाही.

हे सांगायला पंपावरची हिंदी पुरेना.
नळी गाडीत अडकवली, खाली उकिडवा बसलो
आणि सुटलो. पाच पावलं, वळसा, खांबाला हात.
मागच्या लँडक्रूझरनं हॉर्न दिला.
मीटर वीसवर केव्हाच थांबला होता.

मग पंप चारवर दुसऱ्याच गाड्या.
फेब्रुवारीचा आकडा अकरा फिल्सनी चढा.
मी उगाच प्रत्येक पांढऱ्या गाडीची
खरचटलेली डावी बाजू बघत राहिलो.

शुक्रवारी आली ती. चालवत होती त्याची बहीण, शम्मा.
मागं जाळीत फुटबॉल अकराच.
"भाऊ म्हणतो, बोबटला विचार,
ते बसून उठून वाकडंतिकडं पळणं
पोरांना शिकवशील का? ती सुस्तावलीत.
दहाचं टाक. दहाच हां, तो हिशोब विचारतो."

मीही हिशोब केला:
कॅम्पपासून मैदान, टॅक्सीला बारा दिरहम,
चालत पस्तीस मिनिटं.
बूट हे असे, लोखंडी टोपणाचे.

"अनवाणी चालेल का वाळूत?"
काच अर्ध्यावर थांबली. तिला शब्द कळला नसावा.
मी बूट काढून दाखवला.